दावणीला बांधलेलं मांजर

"आई, हे असं कावून करतंय गं?"

लेक माझ्यापुढे हात धरून उभी होती. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघोट्या, त्यातल्या एकीतून रक्ताचा बारीक थेंब वर आलेला. शाळेत ही पोर पुस्तकातली मराठी बोलते, पण कुठं लागलं-खुपलं की तिच्या 'का'चा 'कावून' होतो. आजोबाचं रक्त आहे, जाईल कुठं! आणि जिनं हा प्रताप केला ती बया सोफ्याच्या हातावर बसून आरामात शेपटी चाटत होती. वीतभर मांजर. शेजारच्या जिन्याखाली सापडलं म्हणून पोरीनं उचलून आणलं, आणि आल्या आल्या तिनं आमच्या घराची रया घालवली. पडदा फाटला, सोफ्याच्या शिवणीतून कापूस बाहेर आला, ह्यांच्या बनियनच्या चिंध्या झाल्या. "एकतर हे मांजर ऱ्हाईल न्हाईतर मी," असं हे सकाळीच म्हणून गेले. बघू कोण राहतं ते.

बाहेर गल्लीत टँकर आला होता. यंदा चैत्रातच नळ कोरडे पडलेत. बायका हंडे-बादल्या घेऊन पळतात तेव्हा जो खणखणाट होतो तो ऐकला की एरवी मी हातातलं काम टाकून धावते. मी उठून पाईप धरायला हवा होता. पण मी बसल्या जागी त्या मांजराकडेच बघत राहिले. तिनं पुढचा पंजा वर केला, बोटं फाकवली, आणि एकेका बोटातून एकेक नख बाहेर काढून दातानं साफ केलं. मग सगळी नखं परत आत घेतली. आता तो पंजा नुसता कापूस. त्यात असलं काही दडलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला पटायचं नाही.

"बघत काय बसलीस? हळद लाव की!"

हळद लावली. पण मन कधीच छावणीत जाऊन पोचलं होतं.

ज्यानं छावणी बघितली नाही त्याला ती सांगायची तरी कशी? माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. पाऊस दुसऱ्यांदा तोंड फिरवून गेला, विहिरींचे तळ दिसायला लागले, कडब्याच्या गंजी संपल्या, आणि संक्रांत उलटल्यावर आमच्या गावच्या सोसायटीनं नांदूरघाटच्या बाजूला, मुरमाड माळावर, गुरांची छावणी घातली. आसपासच्या सगळ्या गावांची जनावरं तिथं आली. ओळीनं खुंट्या ठोकलेल्या, खुंट्यांना दावी, दाव्यांना गाई-म्हशी-बैल, आणि त्यांच्या पायाशी आम्ही. एरवी जनावर माणसाच्या दारात राहतं. तिथं माणसं जनावरांच्या दारात राहायला आली होती. चूल तिथं, बाज तिथं, अंघोळीचा आडोसाही तिथंच. सावलीची जाळी मिळेपर्यंत आम्ही बायकांनी जुन्या साड्या बांबूंवर ताणल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माळावर जत्राच भरलीय. जवळ आल्यावर खालची गुरं दिसायची, एकेकीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. माझ्या हळदीची पिवळी साडी कोश्याच्या डोक्यावर होती.

कोश्या आमचा बैल. खिल्लार. राखेवर दूध सांडावं तसा रंग, शिंगं अशी की गावात शिरताना वेशीनं जरा अंग चोरावं. त्याचा जोडीदार पाखऱ्या माघात गेला. एका सकाळी उठला नाही, एवढंच. तेव्हापासून कोश्यानं खाणं टाकल्यात जमा होतं. उसाचं वाढं पुढं टाकलं की हुंगायचा, चार पानं चघळायचा, आणि मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहायचा. तात्या ती खुंटी उपटू देत नव्हते.

तात्या म्हणजे माझे सासरे. "ह्यो उभा ऱ्हायला तर मिरगाला पेरनी हाय," असं ते रोज कुणाला ना कुणाला सांगायचे, "आन् ह्यो बसला की मी बी बसलो. मंग औत तोडा आन् चुलीत घाला." बोलायचं म्हणून बोलणारा माणूस नव्हता तो. कोश्याचं वाढं जसं उरायला लागलं तशी तात्यांची भाकरी उरायला लागली. आधी अर्धी उरली, मग एक, मग ते नुसता चहा पिऊन "आज पोट जड हाय" म्हणायला लागले. टोपलं झाकताना मी उरलेल्या भाकरी मोजायची. पण सुनेनं सासऱ्याला जेवा म्हणायचं कसं?

आमच्याकडे सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. ह्यांची नोकरी पुण्याला कंपनीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले म्हणून त्या गावात घर राखत होत्या, आणि छावणीत आम्ही दोघंच. मग तात्या माझ्याशी बैलामार्फत बोलायचे. "कोश्या, च्या झाला का इच्यार बरं." मी पदर पुढं ओढून कोश्यालाच सांगायची, "झालाय म्हणावं, गाळतेय." तो बिचारा दोन्हीकडचं ऐकून एकदा हा कान हलवायचा, एकदा तो. शेजारच्या दावणीला रहिमाबी होती, एका म्हशीची मालकीण. तिचा नवरा हयात असताना गेवराईच्या बाजारात फळं विकायचा, आणि तिची जीभही बाजारात वाढलेली. ती म्हणायची, "तुमच्या घरात बैल मेला तर तुमी दोघं मुके मरताल!" म्हणायची आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारून घ्यायची.

अशात ती आली.

कडब्याचा ट्रक रिकामा होत होता. पेंढ्या खाली पडत होत्या, आणि एका पेंढीतून काहीतरी राखाडी, धुळीनं माखलेलं बाहेर पडलं आणि थेट माझ्या परकराला लटकलं. मी किंचाळले. सोडवायला गेले तर एक पंजा सोडवावा तोवर दुसरा रुतायचा. रहिमाबी हसून हसून खाली बसली. "अगं बोराटी हाय ही बोराटी! लागली की सुटत न्हाई!" बोरीच्या काटेरी फांदीला आम्ही बोराटी म्हणतो, कुंपणाला घालतात ती. तेच नाव पडलं. ट्रक कुठल्या कुठून आला होता, तिची आई कुठं राहिली, कोण जाणे. पेंडीच्या पोत्यांमागे उंदीर झालेच होते, म्हणून तात्याही कोश्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे म्हनावं."

आणि मग तिनं जी दाणादाण उडवली! बाजेचं सुंभ तिनं उसवलं. गोधडीतून चिंध्या उपसल्या. पेंडीचं पोतं फाडलं. रहिमाबीच्या म्हशीच्या शेपटीचा गोंडा हा तर तिचा जन्माचा वैरी. म्हैस शेपटी हलवायची माशीसाठी, आणि ही कुठूनशी उडून त्या गोंड्याला लोंबकळायची. माझे पाय रोज ओरबाडलेले. चालता चालता बाजेखालून झडप यायची, चारही पंजांनी घोटा धरायचा, मागच्या पायांनी लाथा, वर दात. मी ओरडायची, हात झटकायची, आणि हात झटकला की तिला वाटायचं, वा, खेळ रंगला! तात्यांनी कोश्याला सांगितलं, "बैलाच्या खुराला मारत्यात तशा पत्र्या मारा म्हनावं हिच्या नखाला."

आज लेकीनं मोबाईलमध्ये बघून मला शिकवलं की मांजराशी हातानं खेळायचं नाही, दोरीला काहीतरी बांधून त्याच्याशी खेळवायचं, आणि नखं घासायला त्याला त्याचा स्वतःचा खांब द्यायचा. मला हसूच आलं. रहिमाबीनं हेच सांगितलं होतं, फक्त शिव्या घालून. "हात कावून देती गं तिला? हात म्हंजी उंदीर समजतीय ती! चिंधी बांध सुतळीला, नाचव." आणि तिनंच मांडवाच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, जुनं सुंभ गच्च गुंडाळून दिलं. बोराटीनं ती मेढ हुंगली, मागच्या पायांवर उभी राहिली, अंग ताणलं आणि जी काही नखं चालवली, खर्र खर्र खर्र, की शेजारच्या दावणीतली वासरं कान टवकारून बघायला लागली. एक दिवस त्या सुंभात मला तिच्या नखाचं टरफल सापडलं. कांद्याच्या सालीसारखं पातळ, आत पोकळ, टोकाला अणकुचीदार. जुनं नख टाकून ही पोरगी आतून नवं काढत होती! आजूबाजूला सगळं झडत चाललेलं, झाडाला पान नाही, गाईच्या अंगाला मांस नाही, आणि ह्या मुठीएवढ्या जिवाला दर चार दिवसांनी नवी धार येतेय. कुठून आणत असेल ती? ते टरफल मी तळहातावर घेऊन किती वेळ बघत होते. मला खरंच नवल वाटलं, आणि जरा भीतीही वाटली.

पण मेढ मिळाली म्हणून बाकीचं जग तिनं सोडलं असं मुळीच नाही. एका दुपारी ती बांबूवरून चढून माझ्या पिवळ्या साडीत गेली. जुनं कापड, उन्हानं विरलेलं. पहिल्याच उडीत टर्र झालं, आणि ती सरळ खाली, विडी ओढत बसलेल्या तात्यांच्या पटक्यावर. तात्या उठून नाचायला लागले. "अगं धर! धर गं पोरी! डोकं खाल्लं हिनं, धर की!" मी धावले, पदर कुठं गेला देव जाणे, दोन्ही हातांनी तिला पटक्यासकट ओढून काढलं. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या माणसाचे डोळे बघितले. घारे होते. ते खो-खो हसायला लागले आणि मीही. त्यानंतर कोश्याला निरोप सांगायचं काम उरलं नाही. पण जेवा म्हटलं की मान मात्र तशीच हलायची. "त्येनं खाल्लं का? मंग मला कशाला इच्यारती?"

"मग तिला कुणी हाकललं नाही?" लेकीनं विचारलं. तिचा हात माझ्या हातात, मांजर आता तिच्या मांडीत झोपलेलं, एवढंसं पोट वरखाली होत होतं. हाकलायची वेळ आलीच होती, बाई. चांगलीच आली होती.

छावणीतला पाण्याचा हौद म्हणजे जमिनीत खणलेला मोठा खड्डा आणि त्यात अंथरलेला जाड प्लास्टिकचा कागद. टँकर आला की त्यात ओतायचा, त्यावर सगळ्या गुरांचा दिवस निघायचा. एका दुपारी पाजणी होऊन पाणी तळाला गेलं होतं. पाण्यावर गांधीलमाश्या बसायला येतात. बोराटी त्यांच्यामागे प्लास्टिकवरून घसरत खाली गेली असणार, आणि वर येताना नखं रोवत रोवत चढली असणार. कुणी बघितलं नाही. संध्याकाळी टँकर आला, हौद काठोकाठ भरला. सकाळी बघतात तर निम्मा. जमिनीनं पिऊन टाकलं. हौदाच्या कडेची माती चिखल झालेली आणि सुटलेली दोन वासरं ती माती चाटत उभी. ते बघून मला रडू कोसळलं. प्लास्टिकवर तळापासून काठापर्यंत बारीक बारीक भोकांच्या रांगा चढत गेल्या होत्या. त्या नखांची ओळख पटवायची गरज नव्हती, माझ्या पोटऱ्यांवर तशाच रांगा होत्या.

"मारा बे त्या मांजराला!" कुणीतरी ओरडलं. काठ्या निघाल्या. माणसं वाईट नव्हती. पण दुष्काळात पाणी सांडणाऱ्याला माफी नसते, मग तो कुणी का असेना. मी बोराटीला पोटाशी धरून उभी, आणि ती माझा खांदा सोलतेय. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं आठवण करून दिली, "मारू नगा रे. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला न्यावं लागतंय." काठ्या थबकल्या.

तोवर जीप आली. सोसायटीचे चेअरमन उतरले, पांढरे कपडे, डोळे जागरणानं तांबारलेले. टँकरसाठी त्यांची रोज तालुक्याला खेप. सगळं ऐकून घेतलं, हौद बघितला, डोक्याला हात लावला. "हितं पानी आनता आनता जीव चाललाय, सोन्याचं मांजर कुठून आनू?" मग म्हणाले, "आपल्या छावनीचा नेम एकच हाय. हितं ऱ्हाईल ते जनावर दावनीला बांधलेलं ऱ्हाईल. मोकळं फिरताना दिसलं की मी सोता पोत्यात घालून मांजरसुंब्याला ढाब्यावर सोडून येईन. तिथं हाडं-बिडं खाऊन जगंल."

"बांधतो की," तात्या म्हणाले.

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. मांजर बांधून ठेवायची चीज नव्हे हे शेंबडं पोरही सांगेल. पण ज्याचा जन्म दावणीवर गेला त्याला जनावर म्हटलं की खुंटी, दावं आणि गाठ एवढंच सुचतं. त्यांनी सुतळीला पीळ भरून बारीक दावं वळलं. वासराच्या गळ्यात घालतात तसा सैल फास केला, त्यात घुंगरू ओवलं. आणि दुसरी खुंटी ठोकायला जागा असताना पाखऱ्याच्या रिकाम्या खुंटीला तिला बांधलं. त्या खुंटीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नव्हता!

पहिले काही दिवस बघवत नव्हतं. उड्या, कोलांट्या, दावं चावणं, घुंगराचा नुसता खुळखुळाट. बघायला माणसं यायची, "काय तात्या, दूध किती देती?" म्हणून टर उडवायची. बोराटीच्या नखांना आता मेढ नव्हती, गोधडी नव्हती, म्हशीची शेपटी नव्हती. दाव्याच्या अंतरात एकच गोष्ट येत होती. कोश्या बसला की त्याच्या मानेखाली लोंबणारी ती मऊ, घड्याघड्यांची कातडी. तिला आमच्याकडे पोळी म्हणतात.

मी भाकरी थापत होते. मागून तेच खर्र खर्र ऐकू आलं. वळून बघते तर ही मागच्या पायांवर उभी, पुढचे दोन्ही पंजे कोश्याच्या पोळीत रुतवलेले, आणि मेढीवर चालवावीत तशी नखं चालवतेय! माझ्या हातातला गोळा खाली पडला. एक हिसडा बसता तर तिचा चेंदामेंदा झाला असता. कोश्यानं मान लांब केली. हळूहळू, जमिनीला समांतर, नाक पुढं काढून, जितकी लांब होईल तितकी. डोळे मिटले. पोळीत गोचीड झालेली असतात, तिथं त्याचं शिंग पोचत नाही, जीभ पोचत नाही. पाखऱ्या चाटायचा. पाखऱ्या गेल्यापासून ती जागा तशीच खाजत राहिली असणार, आणि हे आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तात्या हातातली विडी विसरून बघत होते. "आरं द्येवा," एवढंच म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. ज्या नखांनी हौद फोडला त्या नखांखाली तो एवढा मोठा जीव मान पसरून देत होता. मी कामं टाकून बघत बसायची. त्याच्या कातडीवर माशी बसली की कातडी थरथरायची, आणि ती थरथर पकडायला बोराटी झेपा टाकायची, एकदा खांद्यावर, एकदा पाठीवर. सकाळी उठावं तर ही त्याच्या वशिंडाला टेकून झोपलेली. लेकीला मी हे सांगत होते तर तिचा विश्वास बसेना. माझाही कुठं बसत होता! एका राक्षसाला एका चिमुटभर जिवाचं इतकं सोसता येतं, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर सोडून दिलं असतं.

त्यानं कोश्या चार घास जास्त खायला लागला. तात्यांनीही एक-दोनदा भाकरी पुरी केली. पण अंगात काही राहिलंच नव्हतं त्याच्या. वैशाखाचं ऊन असं की बाजेच्या लाकडाला हात लावावा तर भाजायचं. एका सकाळी तो उठला नाही.

बसलेलं जनावर बसूनच राहिलं की संपलं. म्हणून छावणीत रोज सकाळी बसलेल्यांना उचलायचं काम असायचं. छातीखालून एक वासा, पोटाखालून एक वासा, दोन्हीकडे माणसं, एकजण शेपटीला, आणि मग सगळ्यांनी मिळून "हाऽऽ हुप्प!" कोश्यालाही रोज उचलायचे. तो उभा राहायचा, पाय लटलटायचे, आणि वासे काढले की पुन्हा खाली. उचलणाऱ्यांच्या अंगात तरी कुठं बळ होतं? ती माणसंही अर्धपोटी. बोराटीला ह्यातलं काही कळत नव्हतं, ती वाशांच्या सावल्यांवर झेपा टाकत होती. मला त्या वेळी तिचा भयंकर राग आला. अगं, कळत नाही का तुला!

शेवटी चेअरमन स्वतः आले, तात्यांच्या शेजारी मातीत बसले. "तात्या, आता त्येला बसू द्या. मानसांच्या कमरा गेल्या. त्येच्या डोळ्यातच काय ऱ्हायलं न्हाई, तुमी बी बघताय." चांगल्या मनानं म्हणाले ते, खांद्यावर हात ठेवला. वासे उचलून माणसं पुढच्या दावणीला गेली. तात्या कोश्याच्या डोक्याशी मांडी घालून बसले. मी चहा पुढं ठेवला तो तसाच राहिला, भाकरी ठेवली तिच्यावर माश्या बसल्या. कोश्याच्या बाबतीत ते म्हणाले होते तसंच करणार होते. एका बैलाबरोबर हा माणूसही माझ्यासमोर बसून चालला होता, आणि मी काही करू शकत नव्हते. "तात्या, माझ्या गळ्याची आन हाय, दोन घास खावा," मी म्हणाले. त्यांनी नुसता हात वर केला.

माणसं गेली तशी बोराटी सावल्यांवरून मोकळी झाली. कोश्याचं नाक जमिनीला टेकलेलं होतं. श्वासाबरोबर पुढची धूळ हलत होती. ती हलती धूळ हिनं बघितली. पोट जमिनीला लावलं, मागचा भाग हलवला, आणि झडप. सरळ नाकावर. बैलाच्या अंगात त्याच्या नाकपुड्यांइतकं हळवं काही नसतं, म्हणून तर वेसण तिथून घालतात. दोन्ही पंजांची नखं तिनं तिथं रुतवली, वर दात लावले. रक्त आलं. मी "मेली!" म्हणून धावले.

कोश्यानं फुस्स केलं आणि शिंग फिरवलं.

बोराटी दाव्यासकट उडून पडली. उठली, अंग फुगवून तिरकी तिरकी नाचत परत आली. मी तिला उचलायला हात घातला तर तात्या ओरडले, "हात लावू नगं! ऱ्हाऊ दे!" ते गुडघ्यांवर आले होते, डोळे फाडून बघत होते. "राग आला त्येला! बघितलं का गं? राग आला! राग हाय म्हंजी जीव हाय अजून!"

ती पुन्हा नाकावर. कोश्यानं पुन्हा शिंग हाणलं, ह्या खेपेला मान पार वर उचलून. डोळे लाल. कितीतरी दिवसांत त्या डोळ्यांत कुणाबद्दल काही नव्हतं, आता ह्या मूठभर भुताबद्दल चक्क संताप होता. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचं घुंगरू वाजलं, आणि त्या आवाजालाच तो भडकला. त्याचा मागचा भाग हलला. बैल उठतो तो मागून उठतो. मागचे पाय रुतले, ढुंगण वर आलं, पुढचे गुडघे अजून जमिनीवर, आणि तिथं तो अडकला. सगळं अंग थरथरत होतं.

"पोरी, शेपटी धर! रहिमा, ये गं! ये लवकर!" तात्यांनी त्याच्या छातीखाली स्वतःचा खांदा घातला. मी शेपटीला लटकले. रहिमाबी चुलीवरचं तसंच टाकून आली, बरगडीला पाठ लावून उभी राहिली, "या अल्ला, या अल्ला" करत. पदर, मान, सासरा, सून, कुणाला काय आठवत होतं! तो गुडघ्यांवर नुसता धापत होता. मग एक गुडघा सुटला. मग दुसरा.

उभा राहिला. कुणाचा वासा नाही, काही नाही. चारही पायांवर.

आम्ही हात काढले, तरी उभा. पाय फाकवून, मान खाली घालून, नाकातून रक्ताचा बारीक ओघळ. मग उठलेलं धडधाकट जनावर मुततं तसा तो मुतला. किती वेळ मुतत होता कुणास ठाऊक! पुढच्या दावणीवरची माणसं वासे टाकून आली होती, चेअरमन जीपमधून उतरले होते. एवढी माणसं एका बैलाला मुतताना बघत उभी. एकानं डोक्यावरची टोपी काढली. बोराटी धुळीत बसून आपला पंजा उघडून नखं साफ करत होती, आणि तिच्याकडे बघायचीही मला तेव्हा भीती वाटली.

तात्या कोश्याच्या खांद्याला टेकले. तोंडावर सगळी माती, त्यातून घामाचे की कसले ओघळ.

"सूनबाई," ते म्हणाले, "भाकर हाय का गं? लई भूक लागली."

मी टोपलं उघडून पुढं धरलं. त्यांनी उभ्या उभ्याच, बैलाला टेकून, होत्या त्या सगळ्या भाकरी खाल्ल्या, आणि अजून मागितली.